एकानं कमी

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ११ मार्च १९७४

वीरभद्रा,

सिद्धरामेश्वराच्या कृपेनं आम्ही सगळी उभी आहोत, तूही असशील. दोन वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. आमदार निवासाचा पत्ता पोस्टातल्या माणसाला विचारून घातलाय. तो म्हणाला, "सख्खा भाऊ ना तुमचा?" मी म्हटलं, "व्हय, म्हणून तर पत्ता ठाऊक नाही."

लांबण लावत नाही, कामाचं सांगते. येत्या काही दिवसांत तुला एक तार येईल. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा, असं काहीतरी त्यात असेल. ती तार आली तर निघू नको.

काल खाली दुकानात व्यापारी मंडळाची बैठक झाली. चहा द्यायला मीच होते. वकीलसाहेब, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, गादीवर मध्ये बसून सगळ्यांना तुमच्या सभागृहातलं विधेयक समजावून सांगत होते. दुकानदार, नोकरदार, डॉक्टर-वकील सगळ्यांवर धंद्याचा कर बसवायचा आणि त्या पैशातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं, असं ते आहे म्हणे. ते म्हणाले, विधेयक काही पडत नाही, सरकारच मागं उभं आहे. पण दुकानदारांना करातून वगळावं अशी उपसूचना आपल्या माणसांनी दिलीय. ती मंजूर झाली की झालं. दुकानं गेली की पेटीत पैसा येत नाही, आणि पैसा नसला की कामाची हमी राहिली कागदावर. ह्या उपसूचनेवर कुठल्या पक्षानं आदेश काढलेला नाही, ज्यानं त्यानं मनाला येईल तसं मत द्यायचं. म्हणून एकेक डोकं मोजणं चाललंय. आणि तू त्यांच्या विरुद्ध. "कापडवाल्याच्या घरचा मेहुणा, आणि कापडवाल्यांवर उठलाय. कुऱ्हाडीचा दांडा," असं तुझ्याबद्दल म्हणाले. पुढचं 'गोतास काळ' मी कप ठेवताना मनातच म्हटलं, कारण खरं सांगायचं तर मलाही थोडं पटलं.

मग कुणीतरी म्हणालं, त्याची आई इथंच आहे की, माडीवर. नाक दाबलं की तोंड उघडतं. मतदानाच्या आदल्या दिवशी तार ठोकायची, तो गाडीत बसला की इकडं काम फत्ते. सगळे ह्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. तार घरच्या माणसाच्या नावानं गेली तरच तू येणार ना. तुझे दाजी हातात कापड मोजायचा गज धरून बसले होते. "बघू," म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, एवढं लक्षात ठेव.

माझी खरी तार आली तर तिच्यात 'गुंड्या' हे नाव असेल. आपली आई, अव्वा, तुला त्या नावानं हाक मारायची हे ह्या घरात मला नि तिलाच माहीत. ते नाव नसेल तर तार फाडून टाक.

हे सगळं मी तुझ्या प्रेमानं लिहितेय असं समजू नको. तुझी मिरवणूक निवडणुकीनंतर आमच्या दारावरून गेली, तुझ्या माणसांनी दुकानात गुलाल उधळला, पांढरी धोतरं सगळी लाल झाली, आणि तू ट्रकवर उभा राहून हसलास. ह्यांनी दुसऱ्या उमेदवाराचा प्रचार केला होता हे खरं. तरी हसायचं नव्हतंस. वर पुन्हा "ह्या पायरीवर पाय ठेवणार नाही" हे तूच म्हणालास. ज्याचा माल गेला त्यानं म्हणावं तर एक.

पण आईच्या नावानं लबाडी मला खपणार नाही. ती माझीही आई आहे.

अव्वा बरी आहे. काल वाटीभर गव्हाची हुग्गी खाल्ली.

तुझी अक्का,
नीलम्मा


शुक्रवार पेठ
मंगळवार, १९ मार्च

वीरभद्रा,

तुझं पत्र आलं. विधेयकावर चार पानं आणि अव्वावर एक ओळ. ती ओळसुद्धा "प्रकृतीस जपावे", म्हणजे सरकारी पत्राला असते तशी.

बरं, वाचलं सगळं. आधी नुसतं तोंडानं 'होय' नि 'नाही' ओरडायचं, सभागृहाचे अध्यक्ष कानानं अंदाज घेणार. कुणाला पटलं नाही तर त्यानं मतविभागणी मागायची. मग घंटा वाजणार, बाहेर चहा पीत बसलेले आत धावणार, दारं बंद होणार, आणि होयवाले एका बाजूच्या लॉबीत, नाहीवाले दुसऱ्या. दार लागल्यावर खुद्द मंत्री आला तरी बाहेर. हे मला आवडलं. आमच्याकडं पंगतीला उशिरा येणाऱ्याला असंच करायला पाहिजे.

बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्षांनी विधेयक आहे तसं ठेवायच्या बाजूनं द्यायचं असा रिवाज, हेही कळलं. पण तू लिहितोस की बरोबरीलाही तुम्ही एकानं कमी आहात. सगळे आले, कुणी आजारी पडलं नाही, कुणी फुटलं नाही, तरी एकानं कमीच. मग कशाला एवढा जीव आटवतोस? एका माणसाचं मन वळवायला अजून पंधरवडा आहे म्हणतोस. मी एका माणसाचं मन वळवायला वीस वर्षं घेतली आणि तो अजून चहात साखर किती ते सांगत नाही.

ह्यांचं म्हणशील तर काही कळत नाही. मी सरळ विचारलं, "तार करणार आहात का तुम्ही?" तर म्हणाले, "तुझ्या आईला औषध दिलंस का?" मी म्हटलं, "मी काय विचारतेय?" तर उठून खाली गेले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं सांग. भिंतीशी बोलावं तर ती निदान उठून जात नाही.

वकीलसाहेब मात्र रोज येतात. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलतात. कर बसला तर तुझ्या दाजींनाही तो भरावा लागणार, हे तू चार पानांत कुठं लिहिलं नाहीस. मंदी आहे, यंत्रमागवाले उधारी मागतात, मोठ्याचं लग्न काढायचंय. तुझ्या त्या हमीसाठी आमच्या घरातून पैसा जाणार, आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अव्वाचं खरं सांगायचं तर मागच्या पत्रात हुग्गीचं लिहिलं ते खोटं. चमच्यानं पेज घालते, निम्मी बाहेर येते. अर्धांगानं डावी बाजू गेली म्हणून तर तिला गावाहून इथं आणली होती, आता जीभही जड झाली. डॉक्टर म्हणतात, वय झालं. तू काळजी करू नको. म्हणजे कर, पण तिथं बसून कर.

नीलम्मा


शुक्रवार पेठ
मंगळवार, २६ मार्च

वीरभद्रा,

आज तुला शिव्या द्यायला बसलेय. हातातलं काम बाजूला ठेवून वाच.

पाडवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मैंदर्गीहून गोजाबाई आली. बिरदेवाच्या वस्तीवरची, मेंढरं राखणारी, तुझ्यासाठी ज्यांनी गावोगाव मतं मागितली त्यांतली. अव्वाला बघायला आली होती. येताना पदरात नवी ज्वारी बांधून आणलेली. मी तिला पायरीवर बसवणार होते, तर अव्वानं माडीवरून जो काही आवाज काढला तो ऐकून मी तिला वर नेलं. अव्वा तिचा हात धरून रडायला लागली. मला कळेना, माझी आई नि ही धनगरीण, ह्यांचं नातं काय?

ह्यांनी डॉक्टरला आणलं होतं, तेही तिथंच उभे. गोजाबाई अव्वाच्या तळहातावरून बोट फिरवत म्हणाली, "घट्टे अजून गेले न्हाईत बगा."

मी म्हटलं, "कसले घट्टे?"

"खडीचे की. दुष्काळात आमी येका ढिगावर बसत हुतो न्हव्हं. तुमची आव्वा लई नेटानं फोडायची. तोंडावर पदर घ्येऊन बसायची, कुनी वळकू नये म्हनून. मुकादम हाक मारायचा 'ए मैंदर्गीची', तरी बोलायची न्हाई." मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं बोट थांबलं. "तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

नव्हतं ठाऊक. आमच्या घरात कुणालाच नव्हतं. त्या वर्षी मी तिला दोन निरोप धाडले होते की सोलापूरला ये. तिनं कळवलं, विहिरीला पाणी आहे, माझं बरं चाललंय. आणि ती रस्त्यावर खडी फोडत होती. संगप्पा पाटलाची लेक, जिनं आयुष्यात कुणाच्या रानात पाय टाकला नाही.

आणि तुला ठाऊक होतं. गोजाबाई म्हणाली, त्या कामावर हजेरी घ्यायला सुरुवातीला, निवडणुकीच्या आधी, तूच होतास. आईनं शपथ घातली असेल, लेकीच्या घरी कळू देऊ नको, जावयापुढं मान खाली जाईल. मला सगळं समजतं. पण मग ट्रकवर उभा राहून आमच्या दुकानाकडं बघून तू हसलास ते ह्याच्यासाठी काय? आम्ही इथं धोतरं विकतोय आणि आई तिथं दगड फोडतेय, म्हणून? तोंडानं सांगितलं असतंस तर मी तिला उचलून आणली असती. हसून काय मिळवलंस? मला एवढा राग आलाय की तू समोर असतास तर आमदार म्हणून सोडला नसता.

गोजाबाई जाताना म्हणाली, "पाऊस पडला तसं सायबानं काम बंद केलं. लोकं म्हनत्यात आता कायदा व्हनार, काम मागायचं, भीक न्हाई. खरं हाय का वो?" मी म्हटलं, "माझा भाऊ तिथं आहे." असं का बोलले देव जाणे. तुझ्यावर एवढी चिडलेली असताना तोंडातून अभिमानानं निघालं.

हे खाली जाऊन गल्ल्यावर बसले आणि गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत. रात्री भाकरी खाल्ली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिनं माझ्याकडून कधी एक लुगडंही मागून घेतलं नाही."

नीलम्मा


शुक्रवार पेठ
सोमवार, १ एप्रिल

वीरभद्रा,

मतदान शुक्रवारी हे तुझं कार्ड मिळालं. आणि तो एक माणूस मिळालेला नाही हेही.

अव्वानं शनिवारपासून तोंड मिटलंय. पाणी कापसानं ओठाला लावते. डॉक्टर काल म्हणाले, हिच्या कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "वीरभद्राला बोलवू?" तिनं मान हलवली. नको. मग पुष्कळ वेळानं, शब्द जुळवत, म्हणाली, "बरब्याड अंत हेळु." येऊ नको म्हणून सांग. हे तुला कळवते कारण तिनं सांगायला सांगितलंय. तिला मतदान म्हणजे काय ते तरी नीट माहीत आहे का? ती समजते बोटाला शाई लावायची.

पण माझं वेगळं आहे. मी तिचं ऐकणार नाही. ती गेली तर मी तार करणार. सरकार आज एक आहे, उद्या दुसरं येईल, कायदा ह्या अधिवेशनात पडला तर पुढच्यात आणा. आई पुढच्या अधिवेशनात येत नाही. वकीलसाहेबांना जे हवं तेच मी करणार, हे मला कळतंय. ती चार दिवस थांबली तर बरं, असं आज सकाळी तिच्या उशाशी बसून मनात आलं आणि मग स्वतःचीच किळस आली. आईच्या मरणाला मी तारीख लावत बसलेय. ह्या तुमच्या राजकारणानं घरातल्या माणसांचं काय होतं बघ.

ह्यांनी दोन दिवस दुकान नोकरावर सोडलंय. अव्वाला कूस बदलायला दोघं लागतात, एक मी आणि एक हे. वकीलसाहेबांचा माणूस आज निरोप घेऊन आला की, तारेचं आता मनावर घ्या. ह्यांनी निरोप ऐकला आणि त्याला पाणी दिलं. हे तार करतील की नाही ते मला अजूनही सांगता येत नाही. इतकी वर्षं ज्याच्या घरात राहिले त्याच्याबद्दल एवढं माहीत नसावं, ह्याची लाज वाटते.

दार वाजतंय. टाकते हे पेटीत.

नीलम्मा


तार
सोलापूर, बुधवार ३ एप्रिल, सकाळ

गुंड्या अव्वा गेली ये नीलम्मा


शुक्रवार पेठ
रविवार, ७ एप्रिल

वीरभद्रा,

गुरुवारी तू आलास आणि गेलास. माझ्याशी दोन शब्द बोललास, तेही "अक्का, रडू नको", आणि स्वतः रडत होतास. बाकी सगळं तुझ्या डोळ्यांनी तू पाहिलंस, ते मी पुन्हा लिहीत नाही. फक्त तुझी पाठ होती म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

खड्ड्यात अव्वाला आपल्या रिवाजाप्रमाणं बसवायला तू उतरलास. दुसरा माणूस लागतो, तर विधी करणाऱ्या स्वामींनी विचारायच्या आत हे उतरले. एवढ्याशा जागेत तुम्ही दोघं, खांद्याला खांदा, मध्ये ती. तू तिच्या कपाळाला विभूती लावत होतास, तेव्हा ह्यांनी खालून तिची मान धरली होती. म्हणून ती सरळ बसली. तू वर चढताना ह्यांनी मागून आधाराला हात पुढं केला. तू स्वामींचा हात धरलास. मी काठावरून पाहत होते. ह्यांनी हात तसाच मागं घेऊन धोतराला पुसला, माती लागली होती म्हणून, असं दाखवत.

तू तिथूनच परस्पर स्टेशनवर गेलास. आपल्यात सुतक पाळत नाहीत, लिंग गळ्यात असलेल्याला कसला विटाळ, आई मातीला दिली की माणूस कामाला मोकळा, हे तुला कुणी सांगायला नको होतं. ह्यांनाही नको होतं. पुढची हकिकत ह्याच गोष्टीची आहे.

आम्ही स्मशानातून येऊन अंघोळी केल्या. तुझी गाडी सुटायला अजून वेळ होता. तेवढ्यात वकीलसाहेब भेटायला आले. ते काही आपल्यातले नाहीत. त्यांच्या घरी सुतक म्हणजे सुतक, दहा दिवस देवाला फूल नाही, माणूस उंबऱ्याबाहेर नाही. आले, हात जोडले, म्हातारीचं सोनं झालं वगैरे बोलले. मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "तो कुठंय?"

हे म्हणाले, "इथं नाही. तो माझी पायरी चढत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग मैंदर्गीला गेला असेल. बसेल आता तिथं." वकीलसाहेबांचा चेहरा उजळला, आणि माझ्यादेखत उजळला. मी आतल्या दाराशी उभी होते. ते सरळ फोनजवळ गेले. आमच्याच दुकानातला फोन. मुंबईला अर्जंट कॉल लावला आणि मोठ्या आवाजात बोलले, त्यामुळं एकेक शब्द ऐकू आला. त्याची आई वारली, तो आता सुतकात, शुक्रवारी येत नाही. आपण आता दोघांनी पुढं आहोत. तुमचा तो माणूस मुलीच्या लग्नाला जाऊ द्या म्हणून रडतोय ना, जाऊ दे त्याला, एकानं पुढं राहिलो तरी झालं. समोरच्यानं काहीतरी शंका काढली असावी. कारण वकीलसाहेबांनी फोन हातानं झाकला आणि ह्यांना विचारलं, "गुरुबसप्पा, तुमच्यातही दहा दिवसच ना? दिवसकार्य कधी?"

एका शब्दाचं काम होतं. आमच्यात सुतक नसतं साहेब, तो उद्या सकाळी मुंबईत असेल. हे एवढं म्हटलं असतं तर लग्नाला निघालेला माणूस थांबला असता आणि तू कितीही धावत गेलास तरी तुम्ही एकानं कमी ते कमीच राहिला असता. आणि ह्यांचा कर वाचला असता.

ह्यांनी पंच्यानं डोकं पुसलं. म्हणाले, "दिवसकार्य अकराव्याला."

खरंच आहे ते. अकराव्याला जंगमांना जेवण आहेच. वकीलसाहेब फोनमध्ये म्हणाले, "हो हो, अकराव्यापर्यंत बसतोय तो. खुशाल सोडा त्याला." आणि पान खाऊन गेले.

ते गेल्यावर मी बाहेर आले. "तुम्ही त्यांना सांगितलं नाही."

"काय?"

"आपल्यात सुतक नसतं ते."

"त्यांनी दिवसकार्य विचारलं. मी दिवसकार्य सांगितलं." मग गादीची सुरकुती सारखी करत बसले. मी जायला लागले तेव्हा मागून म्हणाले, "माझ्या सासूनं खडी फोडली नीला. त्या वर्षी खेड्यातलं गिऱ्हाईक का येत नाही म्हणून मी इथं बसून चिडत होतो." ह्यापेक्षा जास्त ते लग्नाच्या मांडवातसुद्धा बोलले नव्हते. मला रडू आलं. अव्वा गेली तेव्हा आलं नव्हतं एवढं आलं.

शुक्रवारचं तुला माहीत आहे. शनिवारच्या पेपरात आलं. दुकानदारांना वगळायच्या उपसूचनेवर मतविभागणी झाली, समसमान मतं पडली, अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विधेयकाच्या बाजूनं मत दिलं, उपसूचना पडली. आईला मूठमाती देऊन सभागृहात हजर झालेले आमदार म्हणून तुझं नाव छापलंय. तुला हार घातले असतील. घालू देत, तू गेलास ही साधी गोष्ट नाही, अव्वाला बरं वाटलं असतं. पण बरोबरी तुझ्यानं झाली असं मनात धरून बसू नको. तू असूनही तुम्ही एकानं कमीच होता. त्यांचा जो एक माणूस आपल्या मुलीच्या मांडवात अक्षता वाटत होता, त्याला तिथं तुझ्या दाजींनी पाठवलं.

शनिवारीच वकीलसाहेब चौघांना घेऊन आले. एवढा शिकलेला माणूस, पण रागानं ओरडायलाच लागला. "तुमच्यात सुतक नसतं हे तुम्ही मला सांगितलं नाही." हे म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही. मी एक शब्द खोटा बोललो नाही." त्या चौघांत ज्यांच्याशी ह्यांचा रोजचा चहा, तेही होते. ह्यांना मंडळातून काढलंय. होलसेलवाल्यानं माल अडवलाय, पुढं पैसे टाका मग गठ्ठा उचला म्हणतो. आज दिवसभर शेजारचा दुकानदार आमच्याकडं पाठ करून बसला होता. लग्नाचं बोलणं चाललं होतं तिथूनही काल निरोप आला, जरा थांबू या म्हणून. आणि कर तो भरायचाच आहे.

हे सगळं तुला कळवू नको असं ह्यांनी मला बजावलंय. म्हणाले, त्याला वाटू दे त्याच्यामुळं झालं, त्याला पुढं अजून पुष्कळ करायचंय. मी हो म्हटलं. मी ह्यांच्यासारखी नाही, मला विचारलं त्याच्यापेक्षा जास्तच सांगायची खोड आहे.

येत्या शनिवारी अकरावा. स्वामींना सांगितलंय. गोजाबाईला निरोप गेलाय, ती नि वस्तीवरच्या बायका येतील, ह्या वेळी त्यांना पायरीवर बसवणार नाही. तू ये. पायरी चढून ये, शपथ घेतली असलीस तर ती मोडायची सोय स्वामींकडून करून घे. तुझं पान मी ह्यांच्या पानाला लावून मांडणार आहे. बोलू नका एकमेकांशी, मला सवय आहे. पण तू उठून दुसऱ्या पंगतीला गेलास, तर त्या दिवशी मी तुम्हा दोघांनाही वाढणार नाही, आणि स्वतःही जेवणार नाही.

नीलम्मा